नखांचा ताळेबंद

चातुर्मास संपून लग्नसराईला तोंड फुटले की मुदखेडच्या घराघरांत याद्या होऊ लागतात. किराणा, कापड, आचारी, मंडप, पत्रिका, आहेर. अलीकडे या खर्चात एका नव्या नोंदीची भर पडली आहे. वडीलधाऱ्यांच्या वहीत ती नसते. नवरीच्या आणि तिच्या मावस-मामे बहिणींच्या मोबाइलमध्ये असते. ती नोंद म्हणजे नखे.

मुदखेड हे फुलांचे गाव. गुलाब, मोगरा, काकडा, गलांडा यांच्या शेतीवर तालुक्यातील कितीतरी कुटुंबांचा संसार उभा आहे. पहाटे उजाडण्यापूर्वी मोगऱ्याची कळी खुडणाऱ्या बाईला नख किती वाढवावे हे कोणी शिकवावे लागत नाही. देठ तोडण्यापुरते नख हवे, कळीला ओरखडा उठेल इतके नको. त्याच गावातील मुलीला आज बोटाच्या टोकापुढे पाऊण इंच जाणारी, बदामी आकाराची, मोतिया रंगाची नखे हवी असतात. यात नाके मुरडण्यासारखे काही नाही. नटण्याची हौस प्रत्येक पिढीला होती, फक्त जागा बदलत गेल्या. कोणाच्या काळी ती वेणीत होती, कोणाच्या काळी मेंदीत.

वाद निर्माण होतो तो नखे कोठे लावून घ्यावीत यावरून. मुलीचे म्हणणे असे की नांदेडला जाऊन पैसे मोजण्यापेक्षा सगळे साहित्य असलेला डबा ऑनलाइन मागवावा आणि व्हिडिओ पाहून घरीच लावावे. आईचे म्हणणे याहून सरळ असते: हे हवेच कशाला? मधोमध वडील असतात आणि ते बहुधा फक्त किंमत विचारतात. किंमत विचारणे मुळीच वावगे नाही. परंतु डब्यावर छापलेला आकडा म्हणजेच किंमत, एवढ्यावर थांबले तर तो हिशेब कच्चाच राहतो.

प्रथम वस्तू कोणती ते समजून घेतलेले बरे, कारण बाजारात तीन वेगवेगळ्या गोष्टी ‘नकली नखे’ या एकाच नावाने विकल्या जातात. पहिली, तयार प्लास्टिकची नखे. ती चिकटपट्टीने किंवा गोंदाने बसवायची आणि कार्य आटोपले की काढून ठेवायची. दुसरी, जेल. हा दाट द्रव नखावर पसरून विशिष्ट दिव्याखाली धरला की घट्ट होतो. तिसरी, ज्यांच्याविषयी येथे मुख्यतः लिहायचे आहे ती ॲक्रिलिकची नखे. यांत एक भुकटी असते आणि एक उग्र वासाचा द्रव. द्रवात बुडवलेला कुंचला भुकटीला टेकवला की त्याच्या टोकावर ओलसर मणी तयार होतो. तो नखावर ठेवून, दाबून, पसरून आकार द्यायचा असतो, आणि तेही झटपट, कारण मिश्रण काही मिनिटांत आवळू लागते. द्रवातील सुटे रेणू, ज्यांना रसायनशास्त्रात मोनोमर म्हणतात, भुकटीतील बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या चेतनेने एकमेकांना जोडले जातात आणि त्यांची लांबलचक साखळी बनते. साखळी पूर्ण झाली की टणक, निरुपद्रवी प्लास्टिक उरते. ती पूर्ण होण्याआधी मात्र तो पदार्थ त्वचेला मानवणारा नसतो. पुढचा सारा हिशेब या एका वाक्यावर उभा आहे.

ही विद्या मुळात सौंदर्यप्रसाधनाची नव्हेच, ती दातांच्या दवाखान्यातून आली. कवळ्या बनवण्यासाठी ॲक्रिलिकचा वापर १९३० च्या दशकापासून होऊ लागला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याचे काम करताना नख तुटले आणि त्याने हाताशी असलेल्या दातांच्या ॲक्रिलिकचे नख करून तेथे बसवले, अशी १९५४ सालची हकीकत सांगतात. पुढे इंग्लंडमधील अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली यांनी त्याच कुळातील पदार्थ खुब्याचा कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवण्यासाठी वापरला. आज गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेत ज्याला ‘बोन सिमेंट’ म्हणतात ते हेच. म्हणजे आजोबांची कवळी, आजीच्या गुडघ्यातील सिमेंट आणि नातीची नखे हे तिन्ही एकाच घराण्यातील नातेवाईक होत. ही सोयरीक वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता वही उघडू. येथील आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. प्रत्येकीने आपल्या गावचे दर त्यांच्या जागी घालून पाहावेत. समजा, नांदेडच्या एका बऱ्या पार्लरमध्ये पहिल्यांदा नखे लावण्याचे १,५०० रुपये पडले. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. त्यामुळे तीन आठवड्यांत मुळाशी सुमारे दोन मिलिमीटरची उघडी फट दिसू लागते आणि ती भरून घ्यावी लागते. पार्लरच्या भाषेत हे ‘रिफिल’. त्याचे ८०० रुपये धरू. तीन महिने नखे ठेवायची तर अशी तीन रिफिल, म्हणजे २,४०० रुपये. शेवटी काढून घेण्याचे ३०० आणि पाच खेपांचे जाण्यायेण्याचे ५०० धरले तर एकूण ४,७०० रुपये झाले. घरच्या डब्याचे १,८०० आणि ॲसिटोन, कापूस, फॉइल वगैरेचे ३०० धरले तर बेरीज २,१००. फरक २,६०० रुपयांचा. मुलगी ही बेरीज वडिलांपुढे ठेवते आणि बहुधा जिंकते.

परंतु या बेरजेत काही नोंदी राहून गेल्या आहेत. उजव्या हाताने काम करणारी मुलगी डाव्या हाताची नखे एक वेळ नीट लावील; उजव्या हाताची नखे डाव्या हाताने लावताना काय होते ते पहिल्याच दिवशी कळते. शिकताना पहिले एक-दोन संच वाया जाणार हे गृहीत धरावे. सरावलेला हात जे काम दीड-दोन तासांत करतो त्याला घरी अर्धा दिवस जातो, आणि लग्नघरात अर्धा दिवस फुकट मिळत नाही. शिवाय हौस तीन महिन्यांत ओसरली तर डब्यातील निम्मे साहित्य कपाटात पडून मुदत संपण्याची वाट पाहते. व्यापारी कुटुंबांतील वाचकांना पडून राहिलेल्या मालाची किंमत वेगळी सांगायला नको.

पार्लरच्या बाजूनेही एक नोंद सुटते. तीन महिन्यांचा खर्च डोळ्यांपुढे ठेवून नखे लावून घेणारी क्वचितच असते. बहुतेकजणी १,५०० रुपये पाहून जातात आणि रिफिलची वेळ आली की अडतात. मग तीन आठवड्यांचे काम सहा आठवडे ओढले जाते. नख पुढे सरकते, त्याबरोबर ॲक्रिलिकचा जाड भागही सरकतो, तोल टोकाकडे जातो आणि कडी घालताना किंवा डब्याचे झाकण उघडताना बसलेल्या एका हिसक्याने नकली नखासह असली नखही मुळापासून उचकटते. मोटारीची किंमत परवडली पण तिचा देखभालखर्च धरलाच नाही, त्यातला हा प्रकार. दर तीन आठवड्यांनी जाणे जमणार नसेल तर ॲक्रिलिकच्या वाटेला न गेलेले बरे.

आणि लग्नाचे तीनच दिवस नखे मिरवायची असतील तर दोन्ही पर्याय महागच. चिकटपट्टीची तयार नखे हळदीच्या संध्याकाळी लावावीत, पाठवणी झाली की कोमट साबणपाण्यात बोटे भिजवून काढावीत. छायाचित्रात तो फरक छायाचित्रकारालाही ओळखता येत नाही.

आता ज्या नोंदीसाठी हा सारा प्रपंच केला तिच्याकडे वळू. ती कोणत्याही डब्यावर नीट छापलेली नसते आणि पुष्कळ पार्लरांतही कोणी सांगत नाही.

जोडले न गेलेले मोनोमर त्वचेला वारंवार लागत राहिले की शरीर एखाद्या दिवशी त्यांना शत्रू म्हणून ओळखू लागते. ही ॲलर्जी पहिल्या वेळी दिसत नाही. दुसऱ्या, पाचव्या किंवा पंधराव्या वेळी, कधी काही महिन्यांनी तर कधी वर्षांनी उद्भवते. म्हणूनच ‘मी तर कितीदा लावली, मला काही झाले नाही’ हे म्हणणे येथे निरुपयोगी ठरते. बोटांच्या टोकांना खाज सुटते, कातडी सोलपटते, भेगा पडतात, नख खालच्या मांसापासून सुटू लागते. हातांनी चेहरा चाचपण्याची सवय सर्वांनाच असते, त्यामुळे पापण्यांवर आणि मानेवरही पुरळ उठते. मग घरात नव्या क्रीमवर किंवा साबणावर संशय घेतला जातो आणि खरे कारण बोटांवर तसेच चमकत राहते. काहींना बोटांच्या टोकांशी बधिरपणा येतो आणि तो दीर्घकाळ टिकू शकतो.

एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर जात नाही. पुरळ बरे होते, पण शरीराची आठवण पुसली जात नाही. येथे मघाची सोयरीक आठवावी. दातांत भरायचे आधुनिक सिमेंट, कवळी, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतील बोन सिमेंट, कित्येक वैद्यकीय चिकटपट्ट्या आणि मधुमेहींनी दंडावर लावायच्या साखरमापक यंत्रांचे गोंद यांत ॲक्रिलेट कुळातील रसायने असू शकतात. वयाच्या बाविसाव्या वर्षी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून केलेल्या हौसेचा हिशेब बासष्टाव्या वर्षी अस्थिरोगतज्ज्ञापुढे मांडावा लागू शकतो. प्रत्येकीच्या वाट्याला हे येईल असे मुळीच नाही. बहुसंख्य स्त्रियांना काहीच होत नाही. पण बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही ‘आकस्मिक देयता’ आहे. ताळेबंदाच्या बेरजेत ती येत नाही, तळटिपेत असते; आणि जाणकार माणूस तळटीप आधी वाचतो.

अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये ॲक्रिलेटला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरवून या विषयाकडे लक्ष वेधले. २०१८ मध्ये ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सार्वजनिक इशारा दिला आणि त्यात घरगुती डब्यांकडे विशेष बोट दाखवले. युरोपीय महासंघाने २०२० च्या नियमान्वये ‘हेमा’ हे नखांच्या उत्पादनांतील मोठे ॲलर्जीकारक रसायन फक्त व्यावसायिकांच्या वापरापुरते मर्यादित केले, तर जेलमधील ‘टीपीओ’ या घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून तेथे बंदी आली. आपल्याकडे ऑनलाइन डबा मागवणाऱ्या मुलीने ‘हेमा’ हे नाव लेबलवर शोधले तर ते २-हायड्रॉक्सिएथिल मेथाक्रिलेट अशा लांबलचक रूपात सापडेल.

मग घरी लावण्यातच इतका धोका का? द्रव तर पार्लरमध्येही तोच असतो. उत्तर रसायनात नसून हातात आहे. जाणकार नेल आर्टिस्ट ॲक्रिलिकचा मणी नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीपासून केसभर अलीकडे थांबवते. ओला पदार्थ त्वचेला लागू देत नाही. भुकटी आणि द्रव यांचे प्रमाण तिच्या कुंचल्याला ठाऊक असते. नवशिकीचा मणी बहुधा फार ओला होतो, त्यात जोडला न जाणारा मोनोमर शिल्लक राहतो, तो कडेने कातडीवर ओघळतो, आणि ती तो बोटानेच पुसते. जेलच्या बाबतीत तर फसगत आणखी सोपी. एका कंपनीचा द्रव आणि दुसऱ्या कंपनीचा दिवा अशी जोडी जमली की वरून कडक दिसणारे नख आतून कच्चे राहते. दिसते कोरडे, असते ओले.

यावरून पार्लर म्हणजे अभय, असेही कोणी समजू नये. स्वस्त पार्लरपेक्षा काळजीपूर्वक काम करणारी घरातली मुलगी परवडली, अशीही स्थिती असू शकते. या व्यवसायात दोन द्रवांची नावे ऐकू येतात: एथिल मेथाक्रिलेट, म्हणजे ईएमए, आणि मेथिल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए. दुसरा स्वस्त असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच, नखांना आणि त्वचेला झालेल्या इजांच्या तक्रारींनंतर, निव्वळ एमएमए वापरणाऱ्या उत्पादनांविरुद्ध न्यायालयीन कारवाई केली होती. एमएमएची नखे इतकी टणक होतात की हिसका बसला तर ती तुटण्याऐवजी खालचे नख उपटून काढतात. आणि ॲसिटोनमध्येही ती सहजी विरघळत नाहीत. भिजवूनही हलत नाहीत म्हणून यंत्राने खरवडून काढावी लागली तर संशय घेण्यास जागा आहे.

म्हणून पार्लरच्या खुर्चीत बसण्यापूर्वी बाटली पाहायला मागावी. यात संकोच कसला? तुरीची डाळ घेतानाही पोत्यात हात घालून पाहतात. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार लेबलवर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असली पाहिजे. देशी मालावर परवाना क्रमांक आणि परदेशी मालावर आयात नोंदणी क्रमांकही असावा. नाव नसलेल्या मोठ्या कॅनमधून छोट्या बाटलीत ओतलेला द्रव दिसला तर सरळ उठून यावे. खोलीची खिडकी उघडी आहे का, काम करणारीने हातमोजे आणि मास्क घातले आहेत का, मागच्या ग्राहकासाठी वापरलेली कानस तशीच पुढे येते की धातूची अवजारे निर्जंतुक करून येतात, हे डोळ्यांनीच दिसते. नखाला कानस किंवा यंत्र चालवताना जळजळ झाली तर तत्काळ थांबवायला सांगावे. असली नख पातळ होईपर्यंत घासणे हे कौशल्याचे लक्षण नव्हे.

जाता जाता बिलाविषयीही सांगितले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यसेवांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ज्या पार्लरची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असून नोंदणी नाही, त्यांना तर हा कर आकारताच येत नाही. कच्च्या कागदावर १८ टक्के लिहून देणाऱ्याला नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा.

नखे लागली की देखभाल मात्र घरीच करायची असते आणि त्यात आई व मुलगी दोघींचेही काम आहे. पहिली गोष्ट अग्नीची. ॲक्रिलिकचा द्रव आणि ॲसिटोन दोन्ही चटकन पेट घेतात. घट्ट झालेले नखही ज्योतीला लागले तर जळते. गॅसच्या शेगडीशी फुलके भाजताना, निरंजन लावताना, उदबत्ती पेटवताना लांब नखांचे टोक ज्योतीच्या किती जवळ जाते याचा अंदाज पहिले काही दिवस येत नाही. काडीपेटीऐवजी लांब दांड्याचा लायटर वापरावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. ॲक्रिलिक आणि नख यांच्यामध्ये एखाद्या कडेला बारीकशी फट पडली की भांडी, धुणे, कणीक यांतील ओल आत शिरते आणि तेथेच मुरते. अशा जागी स्यूडोमोनास नावाचा जीवाणू वाढून नखावर हिरवट डाग पडतो. त्यावर गडद रंगाचे नेलपॉलिश लावून डाग झाकणे आणि वरून पुन्हा ॲक्रिलिक भरणे हे दोन्ही सर्रास केले जाते, आणि दोन्ही घातक आहेत. नकली नख काढून, जागा कोरडी ठेवून वैद्याला दाखवावे. उचकटलेला भाग दुकानातील झटपट गोंदाने परत चिकटवू नये. आत कोंडलेली ओल आत राहते. तो गोंद कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर इतका तापतो की भाजते, हेही पुष्कळांना माहीत नसते. रोज रात्री नखांच्या मुळाशी खोबरेल तेलाचा थेंब जिरवावा आणि भांडी घासताना रबरी मोजे वापरावेत, एवढे केले तरी पुष्कळ दिवस निभाव लागतो.

कणीक मळताना लांब नखांखाली पीठ अडकते, हे वेगळे सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हस्तस्वच्छता मार्गदर्शक सूचनांत रुग्णांच्या थेट संपर्कातील कर्मचाऱ्यांना नकली नखे वर्ज्य सांगितली आहेत आणि असली नखे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवण्यास सांगितले आहे, कारण हात धुतल्यावरही तेथे जंतू टिकून राहतात. ज्या घरांत साधूंच्या आहाराचा चौका लागतो तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही. तेथे साधे नेलपॉलिशही चालत नाही. परंतु वाचक भगिनींना एक माहिती उपयोगी पडेल. ॲक्रिलिक स्वतः खनिज तेलातून येणारे रसायन असले तरी त्यावरच्या रंगांचे तसे नाही. कार्माईन हा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात. लेबलवर त्याचा क्रमांक सीआय ७५४७० असा असतो. मोत्यासारखी चकाकी देणारे ग्वानिन, क्रमांक सीआय ७५१७०, हे माशांच्या खवल्यांपासूनही मिळवतात. लाख तर सर्वांच्या परिचयाची आहे. मोतिया नखांची निवड करताना हे दोन क्रमांक मोबाइलमध्ये लिहून ठेवण्यासारखे आहेत.

काढण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त नासाडी होते. लावताना उत्साह असतो, काढताना कंटाळा. मग दाताने, सुरीच्या टोकाने, एखाद्या जुन्या एटीएम कार्डाने नख उचकटले जाते आणि त्याबरोबर असली नखाचे पापुद्रे निघून येतात. योग्य रीत अशी: आधी वरचा चकचकीत थर कानशीने घासून काढावा. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलिन लावावे. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळावे आणि वीस ते तीस मिनिटे थांबावे. मऊ झालेला थर लाकडी काडीने हलकेच ढकलावा. ढकलला जात नसेल तर जोर न लावता पुन्हा भिजवावे. हे सारे खिडकीशी, देवघरातील दिव्यापासून आणि गॅसपासून लांब करावे. ॲसिटोन कधीही गरम करू नये. पॉलिश केलेल्या टेबलावर तर ते ठेवूच नये, डाग जात नाही. पहिल्यांदा पैसे वाचवायचेच असतील तर लावण्यात वाचवावेत, म्हणजे चिकटपट्टीची नखे घ्यावीत. ॲक्रिलिक काढण्याचे तीनशे रुपये मात्र जाणत्या हातालाच द्यावेत. खराब झालेले नख पूर्ण नवे यायला सुमारे सहा महिने लागतात. दिवाळीला बिघडले तर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुधारेल.

दवाखान्याशीही नखांचा संबंध येतो. शस्त्रक्रियेला किंवा बाळंतपणाला जाण्यापूर्वी निदान एका-दोन बोटांची नखे मोकळी ठेवावीत, कारण प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर बोटाच्या टोकालाच लावतात आणि जाड नकली नखाने त्याचे मोजमाप चुकू शकते. याशिवाय डॉक्टर नखांवरून बरेच काही वाचतात. रक्तक्षयात नख फिके पडते, लोहाची दीर्घ कमतरता असेल तर चमच्यासारखे खोलगट होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत २०२४ च्या अखेरीस केस गळण्याचा प्रकार सुरू झाला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच भागात नखे ठिसूळ होऊन गळू लागली, तेव्हा सेलेनियमच्या अतिरेकाची चर्चा त्यावरूनच पुढे गेली. आपल्याकडे मुलींमध्ये रक्तक्षय किती आहे हे सर्वजण जाणतात. बाराही महिने नखे झाकलेली राहिली तर ही खिडकी बंद होते. मधून मधून महिनाभर नखे मोकळी ठेवावीत.

खाज, पुरळ किंवा नख सुटणे यांपैकी काही दिसले तर ‘आणखी एकदा लावून पाहू’ असे न म्हणता सारे उतरवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि नखे लावली होती हे आपणहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. खात्री करण्यासाठी ‘पॅच टेस्ट’ करतात: पाठीवर रसायनांच्या छोट्या पट्ट्या चिकटवून दोन आणि चार दिवसांनी त्वचा तपासली जाते. निदान झाले तर ती चिठ्ठी जपून ठेवावी आणि पुढे दंतवैद्य असो वा अस्थिरोगतज्ज्ञ, प्रत्येकाला दाखवावी.

शेवटी ज्या मुलीला या कामातच गती आहे तिच्याविषयी. मुदखेड हे जंक्शन. एक फाटा उमरी, धर्माबादकडे जातो, दुसरा भोकर, किनवटकडे. या गावांतील मुली आज नखांसाठी नांदेडला जातात, तेव्हा मुदखेडमध्येच कोणी हे काम चांगले करू लागली तर तिला ग्राहकांची वाण पडणार नाही. पण व्हिडिओवर शिकून मैत्रिणींच्या बोटांवर सराव करण्याऐवजी रीतसर शिकावे. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत ब्युटी पार्लर व्यवस्थापनाचा साधारण महिनाभराचा मोफत अभ्यासक्रम घेतला जातो. नखांचे विशेष प्रशिक्षण त्यानंतर घेता येते. भांडवलासाठी एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेली मुद्रा योजना आहे: शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तारणाविना.

अर्जासोबत जोडायच्या कोटेशनमध्ये मुली खुर्ची, दिवा, ड्रिल आणि आरसा लिहितात. त्याच यादीत हवा बाहेर फेकणारा पंखा, झाकणाचा कचराडबा, मास्क आणि नायट्राइल हातमोज्यांचे खोके लिहावे. मोनोमर पातळ मोज्यातूनही काही मिनिटांत आरपार जातो, म्हणून मोजे दर ग्राहकाला आणि द्रव सांडला तर लगेच बदलावे लागतात. त्याचा मासिक खर्च आधीच धरावा. ग्राहकाच्या बोटाला तो द्रव तीन आठवड्यांतून एकदा लागण्याची शक्यता असते, कारागिराच्या बोटांना दिवसातून पाच वेळा. तिला ॲलर्जी जडली तर धंदाच थांबतो आणि हप्ता मात्र चालू राहतो.